लेफ्ट बॅकला दहापैकी दोन

"तुमीच न्हवं का त्ये मार्कं देणारं चौगले?"

दुधाचा ग्लास माझ्या हाताजवळ येऊन थांबला होता. गंगावेशीच्या कट्ट्यावर सकाळी साडेसहाला म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ ग्लास त्याच्या हातात दिला जातो. मी सहा वर्षं तिथं दूध पीत होतो. धार काढणाऱ्या बाईनं आजवर माझं नाव कधी विचारलं नव्हतं.

"मीच," मी म्हणालो. आवाजात थोडी ऐट होती, नाही म्हणत नाही.

"मी मंगल गवळी. अवधूतची थोरली भन."

ऐट उतरली. त्याच सकाळच्या 'करवीरघोष'मध्ये रविवारच्या सामन्याचे गुण छापून आले होते आणि कट्ट्यावरच्या एकदोघांच्या हातात तो अंक होता. त्यात माझं वाक्य होतं : 'अवधूत गवळी, लेफ्ट बॅक. मागून माणूस येऊन पुढं निघून जातो, यांना पत्ता नाही. समाधी लागली असावी. दहापैकी दोन.'

"दोन," मंगल म्हणाली. "त्याच्या आदी तीन. त्याच्या आदी दोन. सायेब, तुमी त्येला कवा बघितला?"

"ताई, मी प्रत्येक मॅचला असतो. पहिल्या मिनिटापासून."

"आसताय की. पर तुमी बॉल बघताय."

अंक वाचणारे दोघं हसले. मलाही हसू आलं. "मग फुटबॉलच्या मॅचला काय बघायचं?"

ती हसली नाही. "मी धार काढतो तवा भांड्याकडं बघत न्हाई. म्हशीच्या कानाकडं बघतो. लाथ येनार आसंल तर कान आदी सांगत्यात. भांड्याकडं बघत बसलं की दूध सांडतंय." मग तिनं ग्लास माझ्या हातात दिला. "येत्या रविवारी शेवटची मॅच हाय. सोमवारी अध्यक्षसायेब म्होरल्या वर्साची यादी लावनार. अवधूतचं नाव ऱ्हातंय का जातंय, त्ये तुमच्या मार्कावर हाय, सगळ्या गावाला ठावं हाय. एक मॅच माज्याजवळ येऊन बसा आनि नुसतं त्येला बघा. मग दोन द्या, न्हाईतर शून्य द्या."

"आणि नाही आलो तर?"

"तर सोमवारी बी दूध मिळंल. त्येचा न् ह्येचा काय संबंध?" ती पुन्हा म्हशीखाली बसली. धार काढता काढता म्हणाली, "त्येला दुसरं कायबी न्हाई ओ. पोलीस भरतीला दोनदा गेला. पळन्यात पयला आला, मेडिकलात बाद केला. ह्यो क्लबच काय त्यो."

मी बातमीदार. मेडिकलमध्ये का बाद केला, हा प्रश्न मला तिथंच सुचायला हवा होता. सुचला नाही. चारचौघांत एक बाई आपल्याला बोलली, याचंच मला जास्त लागलं होतं. पण चारचौघांतच बोलल्यामुळे नाही म्हणायचीही सोय राहिली नाही. येतो म्हणालो.

आमच्या गावाला फुटबॉलचं वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं, पण ते तालमींचं. पेठेपेठेची तालीम, तिचा संघ, तिची भांडणं. पगार देऊन खेळाडू ठेवणारा, देशभर जाऊन लीग खेळणारा क्लब गावानं पाहिला नव्हता. तो यशवंतराव शिंत्रे या फौंड्रीवाल्यानं काढला : पंचगंगा स्पोर्टिंग. आणि त्या हंगामात मी 'करवीरघोष'मध्ये 'दहापैकी' हे सदर सुरू केलं. घरच्या प्रत्येक सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला गुण आणि खाली दोन ओळी. गुण लोक विसरायचे, ओळी पाठ करायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा खाक्या होता आणि गावाला तेच आवडत होतं. क्लबचे अध्यक्ष झालेल्या शिंत्र्यांनाही. ओतीव माल तपासून 'पास' आणि 'रिजेक्ट' म्हणण्यात त्यांचा जन्म गेलेला, फुटबॉल त्यांना कळत नव्हता. माझं सदर कापून ते टेबलाच्या काचेखाली ठेवायचे.

माझी सगळ्यात गाजलेली ओळ प्रताप तिवलेवर होती. तिवले आमचा सेंटर बॅक, तेहतीस वर्षांचा, तालमीतून आलेला जुना गडी. त्याला खेळताना हात हलवायची सवय. बॉल कुठंही असो, याचा हात वर, हात खाली, कधी दोन्ही हात आडवे. मी मथळा दिला होता, 'हात दाखवून अवलक्षण', आणि लिहिलं होतं : 'तिवले यांना बचावफळी सोडवून बिंदू चौकात उभं करावं, निदान वाहतूक तरी सुरळीत होईल. दहापैकी तीन.' पुढच्या सामन्याला पोरं शिट्ट्या घेऊन आली. तिवलेचा हात वर गेला की दोनशे शिट्ट्या. 'हवालदार, हवालदार' अशा आरोळ्या. तिसऱ्या सामन्याला अध्यक्षांची बायको पाहुण्यांसमोर हसली म्हणे, आणि चौथ्या सामन्यापासून तिवले बाकावर बसला. मी मित्रांना चहा पाजला. आपल्या दोन ओळींनी संघ बदलतो, याचा कैफ मला चढला होता.

रविवारी चारला मी प्रेसची खुर्ची सोडून समोरच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर गेलो. मंगल अगदी खालच्या पायरीवर, जाळीला लागून बसली होती. डोक्यावर पदर, हातात काही नाही. पाणीसुद्धा नाही.

"बसा," ती म्हणाली. "आता बॉल इसरा."

सांगायला सोपं आहे. पहिली दहा मिनिटं माझी मान आपोआप बॉलमागं वळायची आणि ती न बघताच म्हणायची, "हिकडं." मी जबरदस्तीनं नजर अवधूतवर आणायचो. चोवीस वर्षांचा, काटक, डावखुरा पोरगा आमच्यापासून वीस पावलांवर रेषेलगत खेळत होता.

बॉल नसताना तो काय करतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बॉल पलीकडच्या कोपऱ्यात असताना हा तीन पावलं आत सरकायचा, परत दोन बाहेर. त्याच्यासमोरच्या विंगरनं पळ काढायच्या आधीच हा तिथं पोचलेला असायचा, म्हणून विंगरला बॉलच मिळत नव्हता. जिथं काही घडतच नाही, तिथं लिहायला काय असणार? इतके दिवस मला वाटत होतं की त्याच्या बाजूला खेळच होत नाही. तो खेळ होऊ देत नव्हता.

पण आणखी एक होतं. दर चारपाच सेकंदांनी तो उजव्या खांद्यावरून मागं बघायचा. बॉल जवळ असो, लांब असो, मान उजवीकडे वळलीच. घाबरटासारखं दिसत होतं ते. आणि अठराव्या मिनिटाला आमचा गोलकीपर ओरडला, "सोड, सोड, माझा!" पायऱ्यांवर आम्हाला ऐकू आलं. अवधूतनं सोडला नाही. धावत जाऊन बॉल बाहेर मारला. फुकटचा कॉर्नर गेला. कीपरनं कपाळाला हात लावला, वरच्या पायरीवरून कुणीतरी आईवरून शिवी घातली.

"एवढं ओरडून सांगितलं तरी?" मी म्हणालो.

 तेवढ्यात मंगलचा उजवा हात वर गेला. कानाच्या थोडा वर, ताठ. मैदानात अवधूतनं आमच्याकडं एक नजर टाकली आणि बॉलकडं न जाता सरळ दोन पावलं मागं घेतली. त्याच्या पाठीमागून पळत आलेल्या फॉरवर्डच्या आणि बॉलच्या मधे तो उभा राहिला. मंगलचा हात खाली आला.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. हात वर, नजर, पाऊल मागं, हात खाली.

मला गंमत वाटली. जिभेवर आलं ते बोललोच. "काय ओ ताई, तिवलेसारखं तुम्हीपण हवालदार झालाय काय?"

तिनं मान वळवली नाही. डोळे भावावरच होते. 

"त्येचा उजवा कान बंद हाय, सायेब. सात वर्साचा आसताना पू झाला, पडदा गेला. उजवीकडनं कोन बोललं, वरडलं, पळत आलं, त्येला कायबी कळत न्हाई. मेडिकलात तेवड्यासाटनं काडला. क्लबनं गुडगं बघितलं, छाती बघितली, कान कोन बघतंय? तिवलेदादाला ठावं हुतं. त्यो त्येच्या उजव्या अंगाला खेळायचा. मागं मानूस आला की हात वर. न्हाई तर खाली. वर्सभर त्येनं हाताचं कान करून दिलं माज्या भावाला."

तिचा हात वर गेला. खाली आला.

"आनि तुमी त्येला हवालदार केला."

 मी मनात आकडे मांडत होतो. तिवले खेळत होता तोवर मी अवधूतला सहा द्यायचो, एकदा सात दिले होते. तिवले बाकावर बसल्यापासून दोन, तीन, दोन. तो कशामुळे ढासळला यावर मी एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. 'डोक्यात हवा गेली' असं निदान केलं होतं.

"चार मॅच झाल्या, मी हितनं करतो," ती म्हणाली. "पर म्या काय तिवलेदादा न्हवं. मला लांबनं उशिरा दिसतंय. ह्ये छापायचं न्हाई हं सायेब. कानाचं भाईर आलं की कुटलाबी क्लब त्येला उभा करनार न्हाई. शब्द द्या."

मी शब्द दिला. तो सतरा वर्षं पाळला. गेल्या दिवाळीत अवधूतच म्हणाला, "लिवा आता. आता माझी कोन मेडिकल घेतंय?" म्हणून लिहितो आहे.

अडतिसाव्या मिनिटाला आम्ही गोल केला. पायऱ्या उभ्या राहिल्या, माणसं नाचली. तो गोल कुणी मारला, कसा मारला, मी बघितला नाही. मी अवधूतला बघत होतो, तो आनंदानं उडी मारून लगेच उजव्या खांद्यावरून मागं बघत होता.

मध्यंतराला मंगल उठली. "चला. बाजू बदलायची." दुसऱ्या डावात लेफ्ट बॅक पश्चिमेकडच्या रेषेला येणार, म्हणून ती स्टेडियमला अर्धा वळसा घालून पलीकडं निघाली. ती दर सामन्याला अशी पळायची. मी तिच्यामागून पळालो. पश्चिमेला प्रेसच्या खुर्च्यांच्या बरोबर खाली, जाळीशी आम्हाला उभं राहायला जागा मिळाली. वरून दुसऱ्या पेपरचा फोटोग्राफर मला बघून ओरडला, "चौगले, बदली झाली काय?" मी वर बघितलं नाही.

दुसरा डाव अवघड गेला. एका गोलानं मागं पडलेला संघ सगळा आमच्या डाव्या बाजूनं चढाई करायला लागला. त्यांच्या कोचलाही वास लागला असावा. मंगलचा हात सारखा वर जायला लागला, आणि मग व्हायचं तेच झालं. कुणीतरी शिट्टी फुंकली. मग दहा. मग शंभर. "हवालदारीण आली रं!" ही शिट्टी माझीच होती, मीच गावाला शिकवली होती. तिचा हात तसाच वर जात राहिला. ओठ आवळलेले, पदर खांद्यावर घसरलेला, तो सावरायलाही ती हात मोकळा करत नव्हती.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा कोच लाइन्समनकडं धावत गेला आणि आमच्याकडं बोट दाखवलं. बाहेरून खुणा चालल्यात अशी तक्रार. दोन मिनिटांत एक महिला पोलीस आली.

"मावशी, चला. हितनं निघा."

"बाई, सातच मिनिटं ऱ्हायलीत ओ. मी कुनाला काय बोललो का?"

"वरनं आर्डर हाय. चला म्हटलं की चलायचं."

मी मधे पडलो, पेपरचं कार्ड दाखवलं. तिनं ते बघितलंसुद्धा नाही. मंगलच्या दंडाला धरून चालायला लागली. मंगलनं वळून माझ्याकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच तिनं भावावरची नजर काढली होती.

"तुमी करा. मागं मानूस आला की हात वर. न्हाई तर खाली. त्येच्याकडं बघायचं. बॉलकडं न्हाई."

मी जाळीशी एकटा राहिलो. माझा हात वर गेला तेव्हा आधी आजूबाजूला शांतता पसरली, मग हशा. सगळं गाव मला ओळखत होतं. "चौगल्याच हवालदार झाला की रं!" शिट्ट्यांनी कान फाटायला लागले. वर कॅमेऱ्याचा आवाज झाला. लाज वाटली, तोंड भाजल्यासारखं झालं, पण हात वर ठेवला. अवधूतनं रेषेकडं बघितलं. बहिणीच्या जागी मी दिसल्यावर तो क्षणभर अडखळला. मग मागं सरकला. फॉरवर्ड अडला.

हात खाली.

पुन्हा वर. पुन्हा तो सरकला. तिसऱ्या वेळी तर त्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि न वळताच पाठीमागच्या माणसाला अंगावर घेतलं, बॉल अलगद काढून दिला. मला हसू फुटलं. शिट्ट्या ऐकूच येईनात. आम्ही दोघं मिळून काहीतरी करतोय, असं मला वाटलं आणि ते फार चांगलं वाटलं.

शहाऐंशीव्या मिनिटाला त्यांच्या कीपरनं लांब किक मारली. बॉल उंच, खूप उंच गेला. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, शिट्ट्या थांबल्या, आणि वीस हजार माणसांबरोबर माझी मान वर गेली. बॉल आमच्या उजव्या कोपऱ्यात पडला, त्यांच्या विंगरनं तो छातीवर घेतला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, उचलून आत टाकला. मी त्या बॉलमागं बघत गेलो. तो हवेतून डावीकडं येत येत एका डोक्यावर आदळला आणि जाळ्यात गेला, तेव्हा मला कळलं की ते डोकं अवधूतच्या पाठीमागून आलं होतं.

माझा हात खाली होता.

एक-एक. सामना तसाच संपला. बाहेर पडताना लोक अवधूतच्या नावानं ओरडत होते. फाटकाशी मंगल उभी होती. तिनं मला काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "कानाचं तेवडं न्हाई ना लिवनार?"

"नाही."

ती भावाची वाट बघत थांबली. मी ऑफिसला गेलो.

त्या संध्याकाळी मी अवधूतला सात दिले. खाली लिहिलं : 'गोलाची चूक त्याची नव्हती.' मग न खेळलेल्या तिवलेसाठी वेगळी चौकट केली : 'तिवले यांच्या हातांविषयी मी जे लिहिलं, ते अज्ञानातून लिहिलं. ते हात या संघाला हवे आहेत. मी त्यांची माफी मागतो.'

संपादकांनी कागद दोनदा वाचला. "हात का हवेत, ते लिही."

"लिहिता येत नाही."

"मग लोक स्वतः कारण लावतील, चौगले."

लावलं. सोमवारी दुसऱ्या पेपरच्या पहिल्या पानावर माझा फोटो होता, जाळीशी हात वर करून उभा. खाली ओळ : 'गुण देणारे हवालदार!' मी ती ओळ लिहिली असती तर इतकीच चांगली लिहिली असती. दहा वाजता शिंत्र्यांचा फोन आला.

"चौगले, गवळ्याचं दूध बाधलं वाटतं."

"साहेब, माझं ऐका. तिवलेला परत घ्या. तो शेजारी असला की गवळीसारखा लेफ्ट बॅक तुम्हाला सापडायचा नाही."

"का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कारण सांगा, दोघांना ठेवतो. मला काय, मी धंदेवाला माणूस आहे. माल चांगला असेल तर घेतो."

फोन हातात धरून मी उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर कदाचित त्यांनी दोघांनाही ठेवलं असतं. कदाचित तासाभरात अवधूतला डॉक्टरकडं पाठवलं असतं आणि मग देशात कुठंच उभं राहू दिलं नसतं. आणि शब्द तर दिलेला होता. आजही त्या फोनपाशी मला माझा निर्णय होत नाही.

"बोला की."

"तिवले असला की गवळीचा खेळ सुधारतो. एवढंच सांगता येतं."

"अहो, वर्षभर तुम्हीच सांगत होता की तो हात हलवून खेळ बिघडवतो. मी तुमचंच ऐकलं." त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी क्लबच्या दारावर यादी लागली. त्यात दोघांचंही नाव नव्हतं.

मंगळवारी सकाळी कट्ट्यावर जायला माझं मन धजत नव्हतं. पण गेलो. आता मंगल काय ते बोलेल, शिव्या देईल, आणि दिलेल्या बऱ्या, असं वाटत होतं. तिनं नेहमीसारखी धार काढली, नेहमीसारखा ग्लास दिला. तेवढ्यात अवधूत डोक्यावर ओल्या वैरणीचा भारा घेऊन आला. मला बघून थांबला. भारा डोक्यावरच होता. मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"सात कशाला दिलं?" त्यानं विचारलं. रागानं नव्हे.

"तेवढे होते म्हणून."

"का ताईनं सांगितलं म्हणून?"

"तेवढे होते."

त्यानं डोक्यावरचा भारा सावरला. मग म्हणाला, "तर मग सांगा. मी खेळलो कसा? आजपातूर नुसतं मला कुनी बघितलं न्हाई ओ, ताई सोडून. आनि तिला फुटबॉलमधलं शाट कळत न्हाई."

"कळतं की," मंगल म्हशीखालून म्हणाली.

मी सांगायला लागलो. पहिल्या मिनिटापासून. चौथ्या मिनिटाला तू आत सरकलास म्हणून त्यांच्या विंगरनं पळ अर्धवट सोडला. अकराव्याला त्यानं वैतागून बाजू बदलायला बघितली, कोचनं परत पाठवला. अठराव्याला कीपर ओरडला तरी तू बॉल सोडला नाहीस, ती तुझी चूक. सत्ताविसाव्याला तू केलेलं टॅकल वर्षातलं सगळ्यात स्वच्छ टॅकल होतं आणि त्याला कुणी टाळी वाजवली नाही, कारण बॉल तोवर पुढं गेला होता. तो एकदा म्हणाला, "सत्ताविसावं न्हवं, एकोनतीस." मी म्हणालो, बरं, एकोणतीस. कट्ट्यावरची माणसं ग्लास हातात धरून ऐकत होती. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत सामन्याचं इतकं खरं वर्णन मी कधी केलं नाही, आणि ते कुठं छापून आलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं. भाऱ्यातून पाणी ठिबकत होतं, त्याला भान नव्हतं.

दुसरा डाव सांगितला. बहिणीला नेलं ते सांगितलं. तिन्ही वेळा तो मागं कसा सरकला, ते सांगितलं. आणि थांबलो.

"म्होरं?"

"पुढचं मला सांगता येणार नाही, अवधूत. पुढं मी बॉल बघत होतो."

त्यानं भारा खाली ठेवला. हात पँटला पुसले. मंगलची धार थांबली होती.

"मग म्होरलं मी सांगतो," तो म्हणाला. "ताईच्या जागी तुमी दिसला तवा आदी म्हटलं, मेलो. मग तीन बारीला हात वर गेला तुमचा, तिन्ही बारीला बरोबर. म्हटलं, सुटलो. आता ह्या मानसाला कळालं. चार मॅच मी दर पावलाला मागं बघत हुतो, मान मोडून आली हुती. बॉल हवेत हुता तवा मी तुमच्याकडं बघितलं. हात खाली हुता. म्हटलं, मागं कोन न्हाई. म्हणून त्या एका बारीला मी वळून बघितलंच न्हाई."